शेऱ्याचा रकाना

कारखान्यातून माल बाहेर पडतो हे सर्वांस दिसते; परंतु त्या मालाबरोबर तेथे आकड्यांचेही एक पीक निघत असते, इकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. साखर कारखान्याचेच पाहा. गळीत हंगामात रसाचा ब्रिक्स, पॅनमधील व्हॅक्यूम, बॉयलरचा दाब, मळीची प्युरिटी अशा नाना गोष्टी रात्रंदिवस मोजीत राहावे लागते. पूर्वी हे आकडे तासातासाला फिरून लॉगशीटवर हाताने लिहीत. आता त्यांपैकी पुष्कळसे परस्पर संगणकात जातात. ही सुधारणा इष्टच होय. तिजविरुद्ध तक्रार करण्याचा आमचा हेतू नाही.

परंतु त्या लॉगशीटच्या उजव्या कडेस ‘शेरा’ म्हणून एक रकाना असे. एका कारखान्याच्या प्रयोगशाळेतील जुनी रजिस्टरे चाळण्याचा योग आम्हांस आला होता. एके दिवशी रसाची प्युरिटी एकाएकी उतरलेली होती, व शेजारी कोणी लिहिले होते : ‘ऊस शिळा. गाड्या रात्रभर उभ्या.’ तोडलेल्या उसातील साखर ताटकळत ठेवल्यास विघटन पावते व उतारा घटतो, हे जाणणाऱ्यास त्या पाच शब्दांत सर्व उलगडा होता. त्याच कारखान्यातील संगणकावर अलीकडची अशीच एक घसरण आम्हांस दाखविण्यात आली. रेषा मोठी रेखीव होती, मिनिटामिनिटाचा हिशेब होता. फक्त ती का घसरली हे कोणासही सांगता येईना. त्या पाळीवर असलेले गृहस्थ निवृत्त होऊन गावी गेले होते.

यंत्राने आपली वही आपणच लिहावी, ही कल्पना बरीच जुनी आहे. १७९६ साली जेम्स वॅटचा सहकारी जॉन सदर्न याने वाफेच्या इंजिनातील दाब पेन्सिलीने कागदावर आपोआप उमटेल अशी योजना केली, आणि वॅटच्या पेढीने ती कित्येक वर्षे गुपित राखिली! माहिती साठविणे आणि ती कोणास पाहू देणे, हे दोन प्रश्न तेव्हापासूनच एकमेकांस चिकटलेले आहेत. पुढे चोवीस तासांत एक फेरा घेणाऱ्या गोल कागदावरील लेखणी आली. आणि १९८० साली कॅलिफोर्नियात पॅट केनेडी यांनी जी कंपनी स्थापिली, तिची ‘पीआय’ ही संगणकीय यंत्रणा जगभरच्या कारखान्यांत पोहोचली. अशा यंत्रणेस धंद्यात ‘हिस्टोरियन’ म्हणतात. नाव इतिहासकाराचे, काम मात्र शकावलीचे!

शिवाय ही शकावलीही संपूर्ण नसते. त्या काळी साठवणुकीची जागा महाग होती. म्हणून ठराविक मर्यादेत जवळजवळ सरळ रेषेत पडणारे मधले आकडे गाळून केवळ वळणाचे बिंदू ठेवण्याची युक्ती निघाली. युक्ती शहाणपणाची होती. आता जागा स्वस्त झाली, तरी कोणी एकदा घालून दिलेली मर्यादा पुष्कळदा तशीच राहते. बेअरिंग तापू लागल्याची पहिली बारीक चाहूल त्या मर्यादेच्या आत पडली, तर ती कायमची नाहीशी होते.

यात प्रश्न केवळ साखरेचा नाही. २३ मार्च २००५ रोजी अमेरिकेत टेक्सास सिटी येथील बीपीच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात स्फोट होऊन १५ माणसे मेली व १८० जखमी झाली. एका उंच मनोऱ्यात द्रव भरत चालला होता. पातळीचे उपकरण मात्र ती उतरत असल्याचे दाखवीत होते. आत किती द्रव जातो व बाहेर किती येतो, हे दोन्ही आकडे संगणकात होते; परंतु ते दोन निरनिराळ्या पडद्यांवर होते, आणि त्यांची वजाबाकी कोणी मांडून ठेविली नव्हती. रात्रपाळीने वहीत लिहून ठेविलेली ओळ इतकी त्रोटक होती की पुढच्या पाळीस तिचा पुरता बोध झाला नाही.

हल्ली ‘आधुनिकीकरण’ म्हणून जे चालते, त्यात जुन्या बंदिस्त साठ्यांतील आकडे ‘ओपीसी यूए’ सारख्या सर्वांस खुल्या पद्धतीने वाचता यावेत, ही खटपट आम्हांस सर्वांत मोलाची वाटते. ‘टीटी–१०२’ एवढ्या नावाने काय कळणार? कोणत्या पॅनचे तापमान, कोणत्या मापात, उपकरण शेवटचे केव्हा तपासले, हे त्यास जोडलेले हवे. शिळ्या उसाचेही तेच. गाडी यार्डात केव्हा आली व काट्यावर केव्हा चढली, याची नोंद बहुधा असतेच. पण ती शेतकी खात्याच्या दप्तरात, आणि प्युरिटी प्रयोगशाळेच्या. दोहोंच्या मध्ये एक अंगण. ते ओलांडण्याचे काम इतकी वर्षे कोणा जुन्या माणसाची आठवण करीत आली.

कित्येक म्हणतात की नवी गणिते आकड्यांवरूनच कारण शोधून काढितील. दोन रेषा एकदम खाली आल्या हे ती सांगतील खरे. परंतु जे मोजलेच गेले नाही, ते त्यांस कोठून सापडावे? अलीकडच्या यंत्रणांत नोंदीस टिपण जोडण्याची सोय असते. पाळी बदलताना पॅनमनला त्यासाठी पाच मिनिटांची फुरसत मिळाली म्हणजे झाले. आम्ही पाहिलेल्या त्या संगणकावरही असा एक रकाना होता. त्यात इंग्रजीतच लिहावे लागे, आणि तो कोरा होता.