कबुतरे आणि हिप-हॉप

आमच्या घरात हिप-हॉप आले ते दाराखालच्या फटीतून. चिरंजीव अकरावीत गेले, त्यांनी आतली खोली ताब्यात घेतली आणि त्याच आठवड्यापासून दिवेलागणीच्या सुमारास त्या फटीतून 'धप्प... धप्प' असा आवाज येऊ लागला. पहिले काही दिवस वरच्या मजल्यावर मसाला कुटताहेत अशा समजुतीत मी होतो. पण रोज सहा ते आठ मसाला कुटणारे कुटुंब अख्ख्या डोंबिवलीत नसेल, हे ध्यानात आल्यावर मी दार ठोठावले.

"हे काय चाललंय?"

"गाणं."

"गातंय कोण?"

"गात नाही बाबा, बोलतोय."

"मग त्याला म्हणावं, जरा हळू बोल."

संगीत या विषयावर आम्हा बापलेकांत झालेली ही पहिली चर्चा. दुसरी व्हायला पुढे कित्येक वर्षे जावी लागली, आणि त्याला कारण मी.

त्याचे असे झाले. 2008 साली चिरंजीव बारावीला होते. एका रात्री अभ्यास पाहायला म्हणून खोलीत गेलो, तर टेबलावर भौतिकशास्त्राच्या पुस्तकावर एक सीडीची डबी. डबीवर एका लहान पोराचा चेहरा, चेहऱ्यावर इमारती उमटलेल्या, आणि नाव? 'नास'! बारावीच्या पोराच्या टेबलावर बापाने हा शब्द वाचल्यावर दुसरे काय होणार? मी डिस्क जप्त केली. त्या दिवसांत गॅलरीत कबुतरांनी उच्छाद मांडला होता. चकचकीत डिस्क टांगली की कबुतरे बिचकतात असे खालच्या मजल्यावरच्या अप्पांनी सांगितले होते. मी ती सुतळीने बांधून गॅलरीत टांगली. कबुतरे खरोखरच गेली. चिरंजीवांनी सकाळी दात घासता घासता ती पाहिली, आणि चूळ भरून आत गेले. एक शब्द नाही. पुढे ते इंजिनीअर झाले, बंगळूरला गेले. फोन येई. "जेवलास का?" "जेवलो. तुम्ही?" "जेवलो. आईला देतो."

निवृत्त झाल्यावर डॉक्टरांनी मला रोज चाळीस मिनिटे चालायला सांगितले. चाळीस मिनिटे एकट्याने चालणे म्हणजे काय हे ज्याने केले त्यालाच ठाऊक. दिवाणाखाली चिरंजीवांचे खोके होते. त्यात सीडी लावायचा जुना खिशातला — म्हणजे कोटाच्याच खिशात मावेल असा — प्लेअर आणि वीसेक अल्बम निघाले. पहिल्या दिवशी एक लावून निघालो. गाणारा दर दोन पावलांना अडखळे, मागचेच अक्षर पुन्हा म्हणे. मी म्हटले, वा! तानेची ही काहीतरी नवीन तऱ्हा दिसते. आठव्या दिवशी बाकावर बसलो तेव्हा तो सरळ बोलू लागला. चालताना डिस्क हिसके खात होती एवढेच. शेवटी अप्पांच्या नातीने ते सगळे अल्बम माझ्या मोबाइलवर घालून दिले, आणि माझे खरे शिक्षण सुरू झाले.

ही कला कशी जन्मली ते वाचल्यावर मला ती एकदम घरातली वाटू लागली. 11 ऑगस्ट 1973 रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात एका मुलीने शाळेसाठी नवे कपडे घ्यायचे म्हणून आपल्या इमारतीच्या हॉलमध्ये पार्टी ठेवली. मुलींना प्रवेश पंचवीस सेंट, मुलांना पन्नास. तबकड्या लावायला सख्खा भाऊ, डीजे कूल हर्क. गाण्यातला नुसत्या तालाचा तुकडा आला की पोरे बेभान नाचतात हे त्याच्या लक्षात आलेले. म्हणून तो एकाच तबकडीच्या दोन प्रती दोन यंत्रांवर ठेवून तेवढाच तुकडा लांबवायचा. आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये आजवर बारशी, मुंजी आणि भांडणे सोडून काही जन्मलेले नाही.

आता अल्बमांविषयी माझी मते. ती एका नाट्यसंगीतवाल्याची आहेत, हे लक्षात ठेवून ऐका.

पब्लिक एनिमी या मंडळींचा 1988 सालचा अल्बम ऐकून मी प्रथम रस्ता ओलांडायचा थांबलो, कारण अग्निशमन दलाचा बंब आला असे वाटले. तो गाण्यातलाच भोंगा होता. पण चक डीचा आवाज! अहो, हा तर शाहीर. डफ तेवढा नाही. आणि त्याच्या प्रत्येक ओळीला मध्येच तोंड घालणारा, गळ्यात भले मोठे घड्याळ अडकवलेला फ्लेवर फ्लेव म्हणजे झिलकरी आणि सोंगाड्या एकाच देहात. पोवाडा कळणाऱ्या माणसाला हा अल्बम कळायला अडचण नाही.

वू-टँग क्लॅन (1993) म्हणजे नऊ जणांची सर्वसाधारण सभा. एकाचे बोलणे संपत नाही तोच दुसरा उठतो, मध्ये जुन्या कुंगफू चित्रपटांतले संवाद, आणि ठराव कोणता झाला ते शेवटपर्यंत कळत नाही. पण मजा येते. हाच अल्बम ऐकताना बागेत माझ्या कानातली वायर मोबाइलमधून निसटली आणि त्यांची भाषा ज्येष्ठ नागरिक संघाच्या भजनी मंडळावर मोकळी सुटली. एक गृहस्थ म्हणाले, "इंग्रजी बातम्या का?" मी "हो, परिस्थिती गंभीर आहे," म्हणून सटकलो.

ट्राइब कॉल्ड क्वेस्टचा 'द लो एंड थिअरी' (1991) मात्र भर दिवाणखान्यात लावावा. काय तो खर्ज! एका गाण्यात तर माइल्स डेव्हिसच्या साथीला बसलेले रॉन कार्टर बास वाजवतात. आमच्या सौ. ने त्या तालावर मेथीच्या दोन जुड्या निवडल्या आणि "हे बरं आहे, कटकट नाही," असा अभिप्राय दिला. टुपॅकचा 'ऑल आइज ऑन मी' (1996) दोन डिस्कचा, दोन तासांहून लांब. तेवढे चालायचे तर मी कल्याणला पोचेन. अर्ध्या डिस्कवर आटोपला असता, असे माझे नम्र मत.

दुसऱ्याच्या गाण्याचा तुकडा उचलायची यांची रीत पुष्कळांना खटकते. मला नाही. आमच्या जुन्या संगीत नाटकांच्या पुस्तकांत पदाच्या डोक्यावर 'चाल' म्हणून मूळ गाणे छापलेले असे. उचला, पण सांगा. 2002 साली ट्रुथ हर्ट्स या गायिकेच्या गाण्यात 'ज्योती' चित्रपटातला लताबाईंचा आवाज न सांगता घातला, तेव्हा पुढच्या वर्षी अमेरिकेतल्या न्यायालयाने संगीतकार बप्पी लाहिरींचे नाव छापल्याशिवाय विकायचे नाही असा हुकूम काढला. अण्णासाहेब किर्लोस्करांना हे 1882 साली कळत होते.

खोक्यातली एकच डबी रिकामी होती. तिच्यातली डिस्क कुठे आहे हे मला चांगले ठाऊक होते, म्हणून तो अल्बम मी सर्वांत शेवटी ऐकला. 'इलमॅटिक', 1994. तो निघाला तेव्हा हा नास वीस वर्षांचा पोर. आपल्या वस्तीतले जिने, कोपरे, तुरुंगात गेलेले मित्र, सगळे तो असे सांगतो की कान टवकारावेत. आणि लांबी? चाळीस मिनिटांना जराशी कमी. डॉक्टरांनी मोजून दिल्यासारखी. पंधरा दिवस मी दुसरे काही लावले नाही.

तिसऱ्या गाण्याच्या शेवटी, बोलणे संपता संपता, एक पितळी वाद्य हलकेच वाजू लागते. पुढे येत नाही, मिरवत नाही. ते काय ते कळेना. रविवारी फोन आला तेव्हा जेवण वगैरे झाल्यावर मी विचारले.

"कॉर्नेट आहे ते," चिरंजीव म्हणाले. मग जरा थांबून, "त्याचे वडील वाजवतायत. ओलू डारा. जॅझवाले आहेत. आईवडील वेगळे झाले होते त्याचे... पण आले वाजवायला."

मी खिडकीबाहेर पाहत राहिलो.

"पण बाबा, तुम्ही कुठे ऐकलंत? ती डिस्क तर..."

"मोबाइलवर. डिस्क आहे अजून गॅलरीत."

"कबुतरं येतात?"

"नाही."

"मग राहू दे की."

त्या दिवशी आईला फोन द्यायला मी पाऊण तासाने गेलो.

डिस्क मात्र मी दुसऱ्याच दिवशी सोडवली. इतक्या पावसाळ्यांनी तिची चांदी पोपडे धरून गेली होती, मधून पलीकडचे दिसत होते. ती आता वाजणार नाही हे मलाही कळते. साबणाने धुतली, पुसली आणि डबीत घातली. दिवाळीला चिरंजीव येणार आहेत.

तिसऱ्या दिवशी सकाळी सौ. केरसुणी घेऊन गॅलरीच्या दारात उभी. कुंडीत काड्या, कठड्यावर पिसे, आणि दोन कबुतरे अगदी जुन्या भाडेकरूंच्या रुबाबात बसलेली.

"घ्या," ती म्हणाली, "झाला गॅलरीचा नास!"