वाळूतल्या गोगलगायी

क्रॉफर्ड मार्केटमधून फिशटँकसाठी एखादं पाणझाड आणलं, की मुळांत लपून बारीक, टोकदार शंखाची गोगलगाय फुकटात घरी येते. काही महिन्यांत तिच्या डझनभर होतात. नर लागत नाही. मादी एकटीच जिवंत पिल्लं देते. बाजारातलं नाव ‘मलेशियन ट्रम्पेट स्नेल’, पण ही आपल्याकडचीही आहे. १७७४ साली म्युलर या डॅनिश शास्त्रज्ञाने तिचं पहिलं वर्णन केलं, ते कोरोमांडल किनाऱ्यावरच्या नमुन्यांवरून.

दिवसा ती वाळूत घुसून बसते, अंधार पडला की काचेवर चढते. तिच्यामुळे वाळू सतत खालीवर होते, तळाशी विषारी वायू साचत नाही. उरलेलं खाणं, शेवाळ, सडकी पानं हे तिचं जेवण. धडधाकट झाडांना ती सहसा तोंड लावत नाही. तरी लोक वैतागतात आणि तांबं असलेलं औषध ओततात. गोगलगायी मरतात, वाळूतच सडतात आणि मग पाणी बिघडून मासेही जातात.

खरं तर तिची संख्या एकाच गोष्टीवर ठरते: टँकमध्ये किती खाणं उरतं.

परळच्या आमच्या घरी दोन फुटी टँक आहे. रात्री झोपण्याआधी मोबाइलचा टॉर्च मारून पुढच्या काचेवरच्या गोगलगायी मोजायची मला सवय. एरवी वीस-पंचवीस असायच्या. गेल्या पावसाळ्यात हळूहळू सत्तरवर गेल्या. गप्पी तेवढेच, खाणं मी सकाळी घालतो तेवढंच, चिमूटभर. ऑफिसातही आकडा असा चढला की आधी विचारायचं, आत काय जास्तीचं येतंय?

दुपारी घरी फक्त आजी असते. एका शनिवारी ती टँकपाशी उभी दिसली, हातात उघडा डबा.

“आजी, खायला घातलंस का त्यांना?”

“नाही रे, सकाळपासून उपाशी आहेत बिचारे. आता घालते.”

पाण्यावर ताजे दाणे तरंगत होते.

डॉक्टरांनी आधी बी-१२ आणि थायरॉइड तपासायला लावलं, कारण त्यानेही विसरायला होतं. दोन्ही ठीक निघालं. मग स्मृतिभ्रंशाची सुरुवात असल्याचं सांगितलं. आम्ही सगळे ‘वयाने होतं’ म्हणून सोडून देत होतो. गोगलगायींना तसं काही म्हणायचं नव्हतं.

आईचं मत होतं, डबा लपवावा. पण दुपारभर आजीला तेवढीच सोबत. म्हणून गोळ्यांचा सात खणांचा डबा आणला आणि प्रत्येक खणात एकेक चिमूट भरली. सकाळचं खाणं मी बंद केलं. आजचा खण रिकामा, म्हणजे मासे जेवले. आजी आधी खण बघते, मग माशांकडे.

संक्रांतीपर्यंत काचेवरचा आकडा चाळिसावर आला. भाऊ म्हणाला, उरलेल्यांसाठी औषध आणू का? मी नको म्हटलं. पुढे कधी खण बघायचंही ती विसरली, तर ते आम्हाला कळायला हवं.