बाहुलीचे 'नको'

मोठ्यांचे ऐकावे, हा संस्कार आपण मुलांवर ती बोलू लागण्याआधीच करतो. मोठ्यांना 'नको' म्हणण्याचे बळ मात्र त्यांना कोणी देत नाही. छत्रपती संभाजीनगरात आम्ही ते बाहुलीच्या हातून देऊ पाहतो.

जुना मोजा, बटणांचे डोळे आणि हिमरूची चिंधी यांतून आमची चिमी जन्मली. खेळात ओळखीचे काका म्हणतात, "मांडीवर बस, खाऊ देतो, आईला सांगू नको." चिमी गप्प. मग समोरची बालके आपणहून ओरडतात, "नको म्हण! पळ! आईला सांग!" स्वतःसाठी ज्याची जीभ उचलत नाही, ते मूल बाहुलीसाठी निर्भयपणे बोलते. मीना नाईक यांनी 'वाटेवरती काचा गं' या नाटकातून हाच विषय मराठी रंगभूमीवर आणला.

काका ओळखीचे दाखवतो, ते मुद्दाम. केंद्र सरकारच्या २००७ च्या अभ्यासात निम्म्याहून अधिक मुलांनी लैंगिक छळ सोसल्याचे सांगितले. छळणाऱ्यांपैकी सुमारे निम्मे ओळखीचे वा विश्वासातले होते. २०१२ च्या पोक्सो कायद्याने असा गुन्हा कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. मदतीसाठी १०९८ हा क्रमांकही आहे.

परंतु चिमीने सांगितले आणि आई म्हणाली, "असे बोलू नये", तर सारा खेळ व्यर्थ! म्हणून शेवटचा प्रवेश आम्ही पालकांकडून करवून घेतो. त्यांनी एवढेच म्हणायचे, "बाळ, सांगितलेस ते बरे केलेस. तुझा काही दोष नाही." सोपे वाक्य, पण ते उच्चारताना भल्याभल्यांचा आवाज कापतो. घरोघरी त्याचा सराव व्हावा.