ऑपरेशन गुडघ्याचं, काम मांडीचं

गेले काही महिने पेजवर पिकाच्या नोंदी कमी आल्या, कारण बऱ्याच जणांना माहीत आहे. मेसेजमध्ये एकच प्रश्न येतो, "दादा, गुडघा बरा झाला का?" एका शब्दात उत्तर देता येत नाही म्हणून आज सविस्तर लिहितोय.

जूनमध्ये पहिल्या पावसानंतर काळ्या रानात डावा पाय रुतला. अंग वळलं, पाय वळलाच नाही. खट्ट आवाज आला. एमआरआयमध्ये एसीएल लिगामेंट तुटलेलं निघालं. मांडीचं हाड आणि नडगी यांना आतून बांधणारा हा दोर. याला खेळाडूंची दुखापत म्हणतात, पण पाय रोवलेला आणि अंग फिरलेलं, हे चिखलात आपलं रोजचंच आहे. जुलैत ऑपरेशन झालं. मांडीच्या मागचा टेंडन काढून त्याचं नवीन लिगामेंट बसवलं.

दुसऱ्या दिवशी फिजिओ मॅडम म्हणाल्या, "मांडी आवळून गुडघा खाली दाबा." जोर लावला, पण मांडी हललीच नाही. वाटलं, नस तुटली की काय. तसं नसतं. गुडघ्यात सूज, पाणी असलं की तिथल्या नसा मणक्याकडे वेगळाच निरोप पाठवतात आणि मणका मांडीच्या पुढच्या स्नायूचा, म्हणजे क्वाड्रिसेप्सचा, हुकूमच कमी करतो. निरोगी गुडघ्यात नुसतं सलाईन भरलं तरी हा स्नायू ढिला पडतो, हे प्रयोगात दिसलंय. थोडक्यात, मोटर जळालेली नसते, स्टार्टर उचलत नसतो. आणि न वापरलेला स्नायू झपाट्याने वाळतो.

सहाव्या आठवड्यात वाटीच्या वर 15 सेंमीवर टेप लावला. उजवी मांडी 50 सेंमी, डावी 46.5.

पहिल्या टप्प्यात कामं साधीच होती. सूज उतरवायची, टाचेखाली टॉवेल ठेवून गुडघा पूर्ण सरळ करायचा, मांडी आवळून धरायची, पाय सरळ ठेवून उचलायचा. जोडीला करंटचं मशीन. पुढे सायकल, पायरी, अर्ध्या उठाबशा. इथे एक गोष्ट लक्षात आली. दोन्ही पायांवर उठाबशा काढल्या की चांगला पाय गुपचूप जास्त भार उचलतो. बैलजोडीत एक बैल अंगचोर असला की दुसरा ओढतो, तसंच. म्हणून दुखऱ्या पायाला एकट्याला जुंपावं लागतं.

खरी परीक्षा ऑक्टोबरमध्ये आली. हरभऱ्याची पेरणी तोंडावर, पाय दुखायचा थांबलेला. अण्णा म्हणाले, "दुखत नाही ना आता? मग बस की ट्रॅक्टरवर." क्लच डाव्याच पायाचा. मॅडमनी खुर्चीवरून एका पायावर उठायला सांगितलं. उजव्यावर सहज उठलो, डाव्यावर एकदाही नाही. शिवाय बसवलेलं लिगामेंट पहिल्या काही महिन्यांत आधी कमजोर होतं, मग हळूहळू पक्कं होतं. कलम करणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. फुटवा आला म्हणजे जोड पक्का झाला असं नसतं. पेरणी भाड्याच्या ट्रॅक्टरने केली. पैसे गेले, अण्णा दोन दिवस बोलले नाहीत. घरातल्या बाईवर दुप्पट काम पडलं, ते तर कुठल्या हिशोबात धरायचं?

आकडे मागणाऱ्या कृषी मित्रांसाठी सांगतो. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेलावेअर-ऑस्लो अभ्यासात 106 रुग्ण होते. नऊ महिन्यांपर्यंत खेळात परतणं जेवढं लांबवलं, तेवढं दर महिन्याला पुन्हा दुखापतीचं प्रमाण सुमारे 51 टक्क्यांनी कमी दिसलं. दोन्ही मांड्यांची ताकद जितकी सारखी, तितका धोका कमी. अभ्यास खेळाडूंचा आहे, शेतकऱ्यांचा नाही. पण ओल्या बांधावरून पाठीवर 16 लिटरचा पंप घेऊन चालणं खेळापेक्षा सोपं आहे, असं मला वाटत नाही.

आता नऊ महिने झाले. डावी मांडी 49 सेंमी. म्हणजे जवळजवळ भरली, पण घेर म्हणजे ताकद नव्हे. मशीनवर डाव्याची ताकद उजव्याच्या 88 टक्के आली. मॅडमची अट किमान 90 ची आहे. ट्रॅक्टर चालवतो, उतरताना उडी नाही. पाठीवरचा पंप अजून बंद.

तुमच्या घरात कुणाचं हे ऑपरेशन झालं असेल, तर "दुखतंय का?" एवढंच विचारू नका. "एका पायावर उठता येतं का?" हे विचारा. आणि घाई करू नका, करायलाही लावू नका. ही माझ्या पायाची नोंद आहे. तुमच्या पायाचं वेळापत्रक तुमचे डॉक्टर आणि फिजिओच ठरवतील.