फोन उचलणाऱ्या पोरीस

प्रिय चिऊ,

तू तिथे अमेरिकेत शाळेत ९११ या आपत्कालीन नंबरवर फोन घेणाऱ्या डिस्पॅचरचा कोर्स घेतलास म्हणून तुझी आई धुसफुसतेय. ‘फोन उचलायला कसलं शिक्षण लागतं?’ असं इथेही पुष्कळांना वाटतं, म्हणून हे पत्र छापायलाच देतेय.

अलाबामातल्या हेलीव्हिल गावी १६ फेब्रुवारी १९६८ ला ९११ वर पहिला फोन लागला. नंबर सोपा झाला, पण उचलणाऱ्याने काय विचारायचं याची रीत बसायला वेळ लागला. सॉल्ट लेक सिटीच्या डॉ. जेफ क्लॉसन यांनी त्यासाठी प्रश्नांची कार्डं तयार केली, ती सत्तरच्या दशकाच्या अखेरीस.

तुझ्या सरावात मैत्रीण किंचाळते, ‘बाबा पडलेत, लवकर या!’ आणि तू आधी पत्ता विचारतेस. ऐकणाऱ्याला हे कोरडं वाटेल. पण फोन मध्येच तुटला तरी गाडी दारात पोचायला हवी ना! मग शुद्धीवर आहेत का, श्वास नीट चाललाय का, हे विचारायचं. दोन्हींचं उत्तर ‘नाही’ आलं तर छातीच्या मधोमध दाब द्यायला लावायचं, मिनिटाला १०० ते १२०, आणि मोजत राहायचं तूच. मदत निघालीय, प्रश्नांमुळे ती थांबलेली नाही, हेही त्या घाबरलेल्या माणसाला सांगायचं. आईला म्हणावं, हे शिक्षण नाही तर काय?

आता दुसरी बाजू. शाळांतून हे वर्ग निघाले, त्याला एक कारण म्हणजे कितीतरी केंद्रांत माणसं कमी आहेत. कामाचा ताण मोठा, आणि फोन ठेवल्यावर पुढे काय झालं ते बहुतेकदा कळतही नाही. तरी तिथल्या सरकारच्या २०१८ च्या वर्गवारीत हे काम पोलीस-अग्निशमनवाल्यांच्या नव्हे, तर कारकुनांच्या रांगेत आहे. प्रमाणपत्र मिळालं म्हणून त्या रिकाम्या खुर्च्या भरणं तुझ्या गळ्यात पडत नाही. अठरा पूर्ण झाली की एखाद्या केंद्रात परवानगी काढून बसून बघ. रात्रपाळ्या किती, एखाद्या वाईट कॉलनंतर माणसाला कोण सांभाळतं, हे विचार. मग काय ते ठरव.

दिवाळीत येशील तेव्हा मात्र एक काम कर. घाबरले की आजोबांना पत्ता आठवत नाही. सोसायटीचं नाव, विंग, मजला, जवळची खूण आणि ११२, १०८ हे इथले मदतीचे नंबर ठळक लिहून फोनपाशी चिकटव.

तुझी,
मावशी