कोड उडवण्याआधी

शहापूर-किन्हवली-सरळगाव रस्त्यावर गॅरेज असलं की दोन घाटांच्या गाड्या हाताखालून जातात. काही कसारा चढणाऱ्या, काही टोकावड्यावरून माळशेजला जाणाऱ्या. हल्ली ड्रायव्हरांची मागणी एकच असते, "दादा, इंजिनची लाईट आलीय, स्कॅनर लावून कोड उडवा." स्कॅनर मी लगेच लावतो. बिघाडाचा कोड मात्र कागदावर उतरवल्याशिवाय उडवत नाही.

आपल्याकडे बीएस-४ गाड्यांना १ एप्रिल २०१० पासून पहिल्या टप्प्याचं ओबीडी, म्हणजे बिघाड स्वतः ओळखून नोंदवणारी गाडीतली यंत्रणा, आलं आणि १ एप्रिल २०१३ पासून दुसऱ्या टप्प्याचं. अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासूनच नव्या मोटारींना ओबीडी-२ सक्तीचं होतं. स्टेअरिंगखालचं सोळा पिनांचं सॉकेट आणि कोडची मांडणी एका प्रमाणावर बसली, म्हणून खेड्यातला मेकॅनिकही आज कुठल्याही कंपनीच्या गाडीची तक्रार वाचू शकतो. ही फार मोठी गोष्ट आहे. पी म्हणजे इंजिन-गिअरबॉक्स, सी म्हणजे ब्रेक-सस्पेन्शन, बी म्हणजे बॉडी, यू म्हणजे कंट्रोलरांमधला संपर्क. पीनंतर शून्य असेल तर कोडचा अर्थ सगळ्या कंपन्यांत सारखा. एक असेल तर तो त्या कंपनीचा स्वतःचा, मग तिचंच मॅन्युअल काढावं लागतं.

पण कोणता पार्ट बदलायचा, हे कोड सांगत नाही. पी००८७ घ्या. अर्थ एवढाच, की कॉमन रेलमध्ये डिझेलचा दाब कमी पडतोय. गाडी शहापूर-आसनगाव छान पळते, कसाऱ्याच्या चढाला माणसं भरलेली असली की दम टाकते आणि लाईट लागते. कोणीतरी सांगतं, हाय प्रेशर पंप गेला. मालकाचं धाबं दणाणतं. मी आधी फ्रीझ फ्रेम उघडतो. बिघाड नोंदला गेला त्या क्षणाचा वेग, आरपीएम, लोड, कूलंटचं तापमान तिथे जपलेलं असतं. लोड जास्त, वेग कमी, इंजिन तापलेलं. म्हणजे सपाटीला पुरणारं डिझेल चढाला पुरत नाही. मग पहिल्यांदा डिझेल फिल्टर सोडायचा, त्यात पाणी उतरलंय का बघायचं. पावसाळ्यात घरी कॅनमध्ये ठेवलेलं डिझेल टाकीत ओतलं असेल तर हा संशय अधिक. त्यानंतर टाकीकडून येणारी लाइन हवा ओढतेय का, मग इंजेक्टरांचं रिटर्न, आणि पंप सगळ्यात शेवटी. कोड उडवला की बहुतेक गाड्यांत फ्रीझ फ्रेमही पुसली जाते. घाटातला एकमेव साक्षीदार आपणच घालवलेला असतो.

भातकापणीनंतर तक्रारींची तऱ्हा बदलते. पेंढ्याशेजारी उभ्या गाडीच्या बॉनेटमध्ये उंदीर शिरतात, वायरिंग कुरतडतात. यू०१०० दिसला, म्हणजे इंजिनच्या कंट्रोलरशी (ईसीएमशी) संपर्क तुटला, तर ईसीएमचा भाव विचारत बसू नये. बॅटरी काढून सहा आणि चौदा नंबरच्या पिनांमध्ये मल्टिमीटर लावावा. कंट्रोलरांना जोडणारी मुख्य कॅन (CAN) लाइन सॉकेटपर्यंत थेट येत असेल तर साठ ओहमच्या आसपास मिळायला हवं. एकशेवीस मिळालं तर एका टोकाच्या रेझिस्टरपर्यंतची तार तुटली असावी, आणि तार धरत धरत तो तुटका तुकडा गाठता येतो. या कामात स्कॅनरपेक्षा टॉर्च आणि गुडघे जास्त वापरावे लागतात. मला ते आवडतं.

स्कॅनर आता स्वस्त झालेत, फोनवर चालणारेही मिळतात. त्याचा मला आनंदच आहे. स्क्रीनवर सेन्सरचं नाव दिसलं की सेन्सर बदलायचा, ही सवय मात्र मला सलते, कारण त्याचे पैसे दिवसभर फेऱ्या मारून पोट भरणाऱ्या माणसाच्या खिशातून जातात. सेन्सर खोटं बोलतोय की खरं, हे त्याचा कपलर, त्याची अर्थिंग आणि त्याला मिळणारा व्होल्टेज तपासल्यावरच कळतं.

तेव्हा गाडीवाल्यांना माझी विनंती आहे. लाईट लागली तर ती कुठे लागली, चढ होता का, गाडीत किती माणसं होती, पाऊस होता का, हे मेकॅनिकला सांगा. पेट्रोल गाडीची लाईट लुकलुकत असेल तर चालवत राहू नका. मिसफायरचं न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन त्याला जाळतं. आणि गॅरेज कुणाचंही असो, कोड उडवण्याआधी त्याचा नंबर आणि फ्रीझ फ्रेम कागदावर लिहून मागा.