फुलवात, वादी आणि वर सरकणारा माग

फुलवात करणारे हात जवळून पाहावेत. पिंजलेल्या कापसाची चिमूट घ्यायची, तंतू सोडवून पाकळीएवढा पापुद्रा करायचा, मधोमध चिमटीत धरून पीळ देत टोक वर काढायचे. दुधाचे बोट लावले की टोक उभे राहते. अंगठा, तर्जनी, मधले बोट. अर्धांगवायूनंतर सावरणाऱ्या हाताला हीच पकड नव्याने शिकायची असते. दवाखान्यात त्यासाठी खुंट्यांची फळी असते: खुंट्या काढा, पुन्हा लावा. चार खेपा झाल्या की आजी विचारते, "झालं का?" त्याच आजीपुढे कापूस ठेवा, डबा भरल्याशिवाय ती उठणार नाही. व्यायामात माणूस खेपा मोजतो, कामात डबा बघतो. हस्तकलेचा उपचार या फरकावर उभा आहे.

०

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत 'नसांच्या थकव्या'वर सक्तीची विश्रांती हा मान्य उपाय होता. अंथरूण, भरपूर दूध, वाचन-लेखन बंद. बोस्टनजवळच्या मार्बलहेड गावी डॉ. हर्बर्ट हॉल यांनी उलटा रस्ता धरला: विणकाम, मातीकाम, लाकूडकोरणी, आणि तेही मात्रा हळूहळू चढवत. १९०६ मध्ये या प्रयोगासाठी त्यांना हार्वर्डकडून हजार डॉलर मिळाले. तिथले मातीकाम मात्र लवकरच दवाखान्यापासून वेगळे झाले आणि आर्थर बॅग्ज यांच्या हाताखाली रीतसर धंदा बनले. त्या भांड्यांना आज संग्रहालयांत जागा आहे. भांडे सुबक निघावे ही धंद्याची गरज, हात सुधारावा ही रुग्णाची. दोन्ही एका चाकावर फार दिवस नांदत नाहीत.

०

मार्च १९१७. न्यूयॉर्क राज्यातल्या क्लिफ्टन स्प्रिंग्ज गावी जॉर्ज बार्टन यांच्या घरी मोजकी माणसे जमली आणि ऑक्युपेशनल थेरपीची, म्हणजे कामातून करायच्या या उपचाराची, पहिली राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. बार्टन वास्तुरचनाकार, क्षय आणि डाव्या अंगाचा पक्षाघात सोसलेले. सुतारकाम आणि बागकाम करत त्यांनी स्वतःला उभे केले होते. जमलेल्यांत डॉक्टर एकच, विल्यम डन्टन. त्यांना गोधड्यांचा भारी नाद. १९४६ मध्ये त्यांनी जुन्या गोधड्यांवर पुस्तकच काढले. मनोरुग्णांपुढे कापडाचे तुकडे ठेवणाऱ्या डॉक्टरला रंग जुळवण्यातली गोडी स्वतःला ठाऊक असणे, हे मला त्याच्या पदवीइतकेच महत्त्वाचे वाटते.

०

आपल्याकडे ही विद्या मुंबईत परळला रुजली. एलिझाबेथ लुंडी या अमेरिकन क्वेकर बाई विष्णू निंबकरांशी लग्न करून कमला निंबकर झाल्या. फिलाडेल्फियाला ऑक्युपेशनल थेरपी शिकून आल्या आणि १९५० मध्ये त्यांनी के.ई.एम. रुग्णालयात आशियातली पहिली ऑक्युपेशनल थेरपीची शाळा सुरू केली. फलटणची कमला निंबकर बालभवन ही शाळा त्यांच्याच नावाची.

०

एकाच कामातून निरनिराळी औषधे निघतात. खांदा उचलत नाही? माग उभा करा, रोज थोडा वर सरकवा. लक्ष टिकत नाही? दोन रंगांचे धागे आलटून पालटून घ्यायला सांगा. एक हात निकामी? त्याने नुसते कापड दाबून धरायचे. तेवढे कामही त्याला कामात घेते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सायकलच्या पेडलवर चालणारी बारीक करवत वापरत. जखमी सैनिक पेडल मारी आणि समोर लाकडाचे खेळणे कापून निघे. गुडघ्याचा व्यायाम चालला आहे याची त्याला आठवण करून द्यावी लागे.

०

चामड्याची पट्टी, कडेने भोके, ओवायला वादी. अमेरिकन थेरपिस्ट क्लॉडिया ॲलन यांची चाचणी एवढ्यावर चालते. आधी साधा धावदोरा, मग कडेवरून गुंडाळत जाणारा टाका, शेवटी कॉर्डोव्हन नावाचा अवघड टाका. मध्येच थेरपिस्ट मुद्दाम चुकीचा टाका घालतो आणि बघत बसतो. रुग्णाला चूक दिसते का? दिसली तर तेवढीच उसवतो, की सगळे ओढून काढतो? माणूस घरी एकटा राहू शकेल का, याचा अंदाज बांधताना हे उपयोगी पडते. तोंडी प्रश्नांना वेळ मारून नेणारी उत्तरे देता येतात. वादीला पीळ पडला की तो दिसतोच.

०

प्रत्येक हाताला प्रत्येक काम मानवत नाही. कुष्ठरोगात बोटांची संवेदना जाते. मूठ किती आवळली हे कळत नाही आणि फोड फुटला तरी दुखत नाही. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांच्याकडे शस्त्रक्रिया झालेले रुग्ण लाकडी खेळणी करत. अशा हातांसाठी अवजारांच्या मुठी बदलाव्या लागतात आणि हात रोज तपासावे लागतात. मनोरुग्णांच्या वॉर्डात सुया-कात्र्या मोजून द्यायच्या, मोजून घ्यायच्या. 'चार मणी ओवले की मन शांत' म्हणणाऱ्यांनी ही बाजूही पाहावी.

०

आकड्यांबद्दल. २०१६ च्या एका अमेरिकन अभ्यासात ३९ जणांनी ४५ मिनिटे माती, रंग, कागद हाताळले; सुमारे तीनचतुर्थांश लोकांच्या लाळेतले कॉर्टिसोल, म्हणजे ताणाचे संप्रेरक, उतरले. हात सराईत की नवखा, याने फरक पडला नाही. पण तुलनेसाठी नुसता बसवलेला गट नव्हता. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत साडेतीन हजारांवर विणणाऱ्यांनी आपले अनुभव सांगितले. जास्त वेळा विणणारे स्वतःला जास्त शांत म्हणाले. अर्थात, ज्यांना विणकाम आवडत नाही ते अशी पाहणी भरायला कशाला येतील? आशा वाटावी एवढे यात आहे, जाहिरात करावी एवढे नाही.

०

टोपल्या विणायला लावणारे लोक, अशी या व्यवसायाची टिंगल होत आली. टोपलीत काही वावगे नाही. सगळ्यांना एकच टोपली दिली की वावगे होते. जाळी विणण्यात जन्म गेलेल्या कोळ्याला क्रोशाचा रुमाल कशाला? त्याला सुतळी द्या. केसपेपरवर निदान, रक्तदाब, औषधे सगळे असते. त्यात एक ओळ वाढवावी: घरी हाताने काय करत होता? ती भरल्याशिवाय साहित्याचे कपाट उघडू नये.